डाव्या गुडघ्याचं उड्डाण

हिंगोलीत कुठलंही नवीन काम काढा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘यानं होतंय काय?’

लायगो ही वेधशाळासुद्धा यातून सुटली नाही. २०१६ मध्ये केंद्रानं तिला तत्त्वतः मंजुरी दिली, मग जागा म्हणून औंढा नागनाथजवळचं दुधाळा ठरलं, आणि २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर झाले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात टाकायच्या, आत लेझर सोडायचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली असतील, तर त्या धक्क्यानं नळीची लांबी प्रोटॉनच्या दहाहजाराव्या भागाएवढी तरी हलते का, ते पाहायचं. गावानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चहाच्या टपरीवर निकाल लागला की काय मोजायचं ते मोजू द्या, औंढा रोडला प्लॉटचे भाव वाढतील. उपयोग सापडला, विषय संपला.

२६०० कोटींना ज्यांनी सोडलं नाही ते आमच्या दोन लिटरच्या बाटलीला कसे सोडतील?

‘आपण घरी रॉकेट बनवायचं,’ असं कन्येनं जेवताना जाहीर केलं. पुराव्यादाखल तिच्या मोबाइलमध्ये अमेरिकेतलं एक कुटुंब हिरवळीवर उभं होतं. आई, बाप, दोन मुलं, एक कुत्रा. बापानं बटण दाबलं, रॉकेट सुर्रकन वर गेलं, वर छत्री उघडली, ते अलगद खाली आलं आणि कुत्र्यानं तोंडात धरून परत आणलं. सगळे हसले. पूर्ण व्हिडिओत कोणीही कोणाला ‘मी आधीच सांगितलं होतं’ असं म्हणालं नाही. हे आपल्याकडचं नव्हे, हे तेवढ्यावरून कळत होतं.

हा छंद मुलांचा म्हणून ओळखला जातो, पण काढला मोठ्या माणसांनी. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाचं गाव आहे. तिथे ऑरव्हिल कार्लाइल यांचं बुटांचं दुकान होतं. त्यांना नाद फटाक्यांचा, भाऊ रॉबर्टला नाद छोटी विमानं बनवायचा. १९५४ मध्ये दोघांनी मिळून कागदाच्या नळीचं रॉकेट केलं. वर जाणारं, छत्री उघडून खाली येणारं आणि पुन्हा उडवता येणारं. बुटांच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, हे जगभर सारखंच असावं. पुढे १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेतली पोरं घरातल्या लोखंडी नळ्यांत दारू ठासून बोटं गमावू लागली. तेव्हा हॅरी स्टाइन नावाच्या रॉकेटच्या माणसानं कार्लाइलचं सुरक्षित रॉकेट उचलून धरलं, आणि व्हर्न एस्टेस यांनी त्याच्या मोटरी धडाधड बनवणारं एक यंत्र केलं. यंत्राचं नाव ठेवलं मेबल. आपण ट्रॅक्टरला नाव देतो, त्यांनी यंत्राला दिलं, यात नवल नाही.

या मोटरी पुठ्ठ्याच्या असतात, बोटभर लांबीच्या. त्यांच्यावर ‘ए८-३’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण जोर. ‘ए’पेक्षा ‘बी’चा दुप्पट, ‘बी’पेक्षा ‘सी’चा दुप्पट. आठ हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. तीन म्हणजे इंधन संपल्यावर तीन सेकंद थांबून छत्री बाहेर फेकायची. रेल्वेच्या तिकिटावरही इतकी स्वच्छ माहिती नसते.

आता ही मोटर हिंगोलीत कुठे मिळणार? मिळत नाही. आत काळी दारू असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीनं ती स्फोटक. त्यासाठी १८८४ चा कायदा आहे, २००८ चे नियम आहेत, आणि देशभरातल्या अशा पदार्थांवर नजर ठेवणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. इतकं जवळ असूनही कन्येच्या हौसेसाठी तिथे अर्ज करावा असं घरात कोणाला वाटलं नाही. ‘दिवाळीची रॉकेटं फोडून आतली दारू काढू,’ असं मेव्हण्यानं सुचवलं. मेव्हण्यांना काहीही सुचतं. बायकोनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो चहाचा कप घेऊन अंगणात गेला. तिचं बरोबर होतं. घरी दारू कालवायची नाही, फटाका उकलायचा नाही, हा या छंदातला पहिला नियम आहे आणि तो कार्लाइलच्या काळात बोटं मोजून ठरलेला आहे.

तसं पाहिलं तर दारूगोळा या गावाला परका नाही. निजामाच्या काळात इथे लष्कराची छावणी होती. म्हणून आजही इथे कोणी तोपखान्यात राहतं, कोणी रिसाल्यात, आणि जो लढून दमला त्याच्यासाठी पेन्शनपुरा आहे. दसऱ्याला रामलीला मैदानावर रावण जळतो तेव्हा पंचक्रोशी लोटते. म्हैसूरच्या खालोखाल आमचाच दसरा, असं आम्ही पाहुण्यांना छातीठोक सांगतो. रॉकेटच्या बाबतीत मात्र म्हैसूर फार पुढे. हैदर अलीच्या फौजेनं १७८० मध्ये पोल्लिलूरला इंग्रजांवर लोखंडी नळीची रॉकेटं सोडली होती. त्यांना लांब बांबू बांधलेला असे. दिवाळीच्या रॉकेटची काडी ती हीच. शेपटाकडे लांबी असली की रॉकेट तोंड फिरवत नाही. कार्लाइलनं काडी काढली आणि त्या जागी पंख चिकटवले, एवढाच फरक.

दारू बाद झाल्यावर राहिलं पाणी. पाण्याचं रॉकेट हा गरिबाचा पर्याय आहे, असं मी समजत होतो. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं रिकाम्या बाटल्या, रिफिल आणि काड्यांतून विज्ञान शिकवलं, हे ऐकून होतो. पण मोटरीच्या रॉकेटाला मनुष्यबळ लागतं एकाचं, बटण दाबणाऱ्याचं. पाण्याच्या रॉकेटाला अख्खं घर लागतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच शिल्लक असतं.

साहित्यात पहिली वस्तू म्हणजे थंड पेयाची दोन लिटरची बाटली. साध्या पाण्याची चालत नाही. सोडा भरलेल्या बाटलीला आतला दाब सोसायची सवय असते, पाण्याची बाटली लगेच चेपते नाहीतर फाटते. म्हणजे मोहिमेचा पहिला टप्पा आधी दोन लिटर पेय संपवणं. या टप्प्यात मुलांचा उत्साह पाहून मला देशाच्या अंतराळ कार्यक्रमाबद्दल फार आशा वाटली. शेजारची मुलंही विज्ञानाकडे वळली.

दुसरी वस्तू बूच, आणि त्यातून जाणारा सायकलच्या ट्यूबचा वॉल. तो आणायला पंक्चरच्या दुकानात गेलो. ‘रॉकेटला पाहिजे,’ म्हटल्यावर दुकानदारानं मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, ‘ट्यूबलेस हाय का?’ रॉकेट आणि सायकल हे नातं त्याला अजिबात विचित्र वाटलं नाही, आणि ते नाहीच. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळात थुंब्याहून देशाच्या अंतराळ कार्यक्रमातलं पहिलं रॉकेट उडालं. त्या काळात तिथे रॉकेटचे भाग सायकलवरूनही नेले जात, आणि त्याचा फोटो जगभर गेला. ती जागा शोधायला साराभाईंबरोबर फिरणारे एकनाथ चिटणीस कोल्हापुरात जन्मलेले. पुढे घन इंधनाचं काम उभं करणारे वसंत गोवारीकर पुण्याचे. हे मी जेवताना सांगितलं. ‘त्यांच्या घरी पंप होता, आपला तुमच्या भावानं नेलाय,’ असं उत्तर आलं.

पंख कशाचे करायचे यावर दोन दिवस खल झाला. पुठ्ठा भिजतो. पत्रा कापतो, आणि खाली येणाऱ्या वस्तूला धारदार काही असू नये. तेवढ्यात बायकोला कपाटावरची पिशवी आठवली. मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात अशी एक पिशवी असते. तिच्यात घरातल्या ज्येष्ठांचे एक्स-रे असतात, आणि डॉक्टर बदलला, आजार बदलला, घर बदललं, तरी ती पिशवी बदलत नाही. एक्स-रेची फिल्म हलकी, ताठ आणि पाण्याला न जुमानणारी. पंखाला याहून चांगलं काही नाही. अण्णांचा डावा गुडघा निवडला गेला. उजवा अजून चालू प्रकरण होतं.

आईनं विरोध केला. ‘उद्या डॉक्टरनं जुना फोटो मागितला तर?’

अण्णा म्हणाले, ‘गुडघा माझ्याजवळच हाय की.’

मग त्यांनी स्वतः कात्री घेतली. एका पंखावर वाटी आली, एकावर मांडीचं हाड, आणि कोपऱ्यातला नाव-वय छापलेला तुकडा तिसऱ्यावर. चौथा पंख नुसता काळा राहिला, म्हणजे त्यावर काही दिसत नव्हतं. नाकाला नरसाळं लावलं. छत्री कॅरीबॅगची. कॅरीबॅगवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्यांनी भरलेली पिशवी लटकत असते आणि ती कोणाची हे कोणालाच माहीत नसतं. तिचा हा एवढाच नैतिक वापर मी पाहिला.

रॉकेट सरळ जाईल की गिरकी घेईल, हे उडवण्याआधी ओळखायची एक जुनी युक्ती आहे. ते बोटावर तोलायचं, तोल जिथे साधेल तिथे दोरी बांधायची आणि डोक्याभोवती फिरवायचं. नाक पुढे राहिलं तर ठीक. शेपूट पुढे आलं तर नाकात वजन घालायचं. वजनाचा मध्य हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा नाकाकडे पाहिजे, असं त्यामागचं शास्त्र. मी अंगणात उभा राहून हे फिरवत होतो. भिंतीपलीकडे हळूहळू डोकी वाढत होती. अण्णा बाजेवरून बघत होते. त्यांची उमर ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकण्यात गेलेली.

‘गोफण अशी धरतेत का? मनगट ढिलं सोड. आण इकडं.’

त्यानंतर पाऊण तास तो बाटलीवरचा गुडघा त्याच्या मूळ मालकाच्या डोक्याभोवती फिरत होता. शेपूट पुढे येत होतं. अण्णांनी निदान केलं, ‘डोकं हलकं हाय,’ आणि माझ्याकडे पाहिलं. नरसाळ्यात कणकेचा गोळा भरला तेव्हा नाक पुढे झालं. मुंग्या दुसऱ्या दिवशी आल्या.

हवा किती भरायची आणि पाणी किती, यावर प्रत्येकाचं वेगळं मत होतं. बाटलीचा साधारण तिसरा हिस्सा पाणी हे ठीक. नुसती हवा भरली तर मागे फेकायला जड काही नसतं आणि रॉकेट फुस्स करून पडतं. गळ्यापर्यंत पाणी भरलं तर हवेला जागा राहत नाही आणि ते स्वतःच्याच ओझ्यानं बसतं. मेव्हण्याचं म्हणणं, फुल्ल भरा. बायकोनं सुरक्षेचं खातं आपल्याकडे घेतलं. पंपाला मीटर असल्याशिवाय हात लावायचा नाही, काटा साठच्या पुढे न्यायचा नाही, बाटलीवर वाकून बघायचं नाही, बाटलीला ओरखडा पडला की ती बाद. शेतातल्या फवारणीचे चष्मे सगळ्यांच्या डोळ्यांवर चढले. आमचा ग्रुप फोटो पाहून पुतण्यानं विचारलं, ‘कपाशीवर अळी पडली का?’

गच्चीवर नुसत्या बुचाची चाचणी घ्यायची ठरली. बूच किती दाबाला सुटतं ते पाहायचं, बाटली बांधून ठेवायची. सकाळची वेळ, गल्ली शांत. काटा चढला आणि ‘फट्टाक’ झालं.

हिंगोली जिल्ह्यात असा आवाज काढताना विचार करावा लागतो. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून गूढ आवाज येतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. २०२४ मध्ये तर मार्चमध्ये एकदा आणि जुलैमध्ये एकदा साडेचार रिश्टरचा धक्का बसला, दोन्ही सकाळी सकाळी. त्यामुळे आवाज झाला की इथला माणूस आधी दाराबाहेर येतो आणि मग विचार करतो. गल्ली बाहेर आली. कोणी टॉवेलवर, कोणी दात घासत, एक काकू दूध उतू घालून. व्हॉट्सॲपवर ‘जाणवला का?’ सुरू झालं. कळमनुरीच्या एका पाहुण्यानं ‘हो, भांडी हलली’ असंही कळवलं. आता खरं सांगावं की नाही, यावर गच्चीवर बैठक झाली. शेवटी मेव्हण्यानं खाली वाकून सांगितलं, ‘काही नाही, आमचं बूच उडालं.’ लोक घरात गेले, पण भांडी हलल्याचा तो संदेश अजून फिरतो आहे.

लातूरचे भावजी त्याच सुमारास आले. लातूरहून येणारा माणूस पॅटर्न बरोबर घेऊनच येतो. त्यांनी रॉकेट हातात घेतलं, उलटं केलं, गुडघा पाहिला आणि विचारलं, ‘यावर नीटला प्रश्न येतो का?’

‘जेईईला येतो,’ मी म्हणालो. ‘वस्तुमान कमी होत जाणाऱ्या वस्तूचा रेटा.’

‘मग हरकत नाही.’ त्यांनी रॉकेट सन्मानानं टेबलावर ठेवलं. प्रश्न येतो हे खरंच आहे. पण त्यांना कन्येच्या चेहऱ्यावरचा आनंद दाखवत बसलो असतो तर परवानगी मिळाली नसती.

त्यांच्याच उपस्थितीत मी स्टीफन स्मिथची गोष्ट सांगितली. हा माणूस कोलकात्याकडचा, १९३०च्या दशकात रॉकेटमधून टपाल पाठवायच्या नादाला लागलेला. १९३५ मध्ये त्यानं एका रॉकेटात कोंबडा आणि कोंबडी बसवून दामोदर नदीच्या पलीकडे पाठवली. दोन्ही जिवंत उतरली. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘त्याच्या घरी कोणी विचारलं नाही का, यानं होतंय काय?’

उड्डाणाला मोकळं रान पाहिजे. हिंगोलीत रान पुष्कळ, मोकळं कमी. पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत गहू-हरभरा, आणि हळद जूनपासून फेब्रुवारीपर्यंत हलत नाही. मे महिन्यात सगळं मोकळं असतं, पण तेव्हा माणूस उभा राहत नाही. सोयाबीन निघालं आणि हरभरा पेरायचा आहे, एवढीच काय ती फट. इस्रोलाही म्हणे हवामान आणि ग्रह बघून वेळ काढावी लागते. आमच्या मधे रोटाव्हेटर येतो.

ओळखीच्या एका शेतकऱ्यानं रान दिलं. कडेला त्याचीच हळद होती, छातीपर्यंत वाढलेली. निघण्याआधी आईनं नारळ काढला. यात अंधश्रद्धा वगैरे काढायचं कारण नाही. इस्रोचे अध्यक्षसुद्धा उड्डाणाआधी रॉकेटची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात. आम्ही बांधावरच्या म्हसोबावर भागवलं. बांधावर तोवर वीसेक माणसं जमली होती आणि प्रत्येकाकडे सल्ला होता. उलटी मोजणी कन्येनं सुरू केली. ही मोजणी शास्त्रज्ञांनी नव्हे, फ्रिट्झ लांग नावाच्या सिनेमावाल्यानं १९२९ मधल्या चंद्रावर जाण्याच्या एका मूकपटात रूढ केली, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात ती तीनवर आली होती.

रॉकेट गेलं. असं गेलं की पंपावरचा मेव्हणा आणि मी डोक्यापासून पायापर्यंत न्हालो आणि कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. वर उन्हात पाण्याची एक रेघ तुटत गेली. बांधावरून ‘आर्रर्र’ असा एकच आवाज निघाला.

उंची मोजायचं काम पुतण्याकडे होतं. तीस मीटरवर उभं राहायचं, कंपासपेटीतल्या कोनमापकाला ओळंबा बांधायचा आणि कोन वाचायचा. पंचेचाळीस अंश आला, म्हणजे टॅन एक, म्हणजे उंची तीस मीटर आणि वर त्याच्या डोळ्यांची उंची. दहावीत टॅन थीटा शिकवताना ‘सर, याचा उपयोग काय?’ असं आमच्या वर्गानं विचारलं होतं. सरांनी छडी दाखवली होती. आता उपयोग कळला. ज्याचा काही उपयोग नाही अशी गोष्ट किती उंच गेली, ते मोजता येतं.

छत्री उघडली नाही. ती सहसा उघडत नाही. कणकेचं नाक खाली करून रॉकेट वळलं, वाऱ्यानं थोडं सरकलं आणि हळदीत गेलं. आम्ही शोधलं. हळदीचं पान दोन हात लांब, बाटली पारदर्शक, पंख काळपट. एकरभर रान तुडवल्यावर शेतकऱ्यानं नम्रपणे सांगितलं की आता बाहेर या, नाहीतर रॉकेटपेक्षा हळद महाग पडेल. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा त्याचं बरोबर होतं. अण्णांना आपला गुडघा दुसऱ्याच्या रानात राहिला याचं वाईट वाटलं, पण ते बोलले नाहीत.

फेब्रुवारीत हळद निघाली. एके दिवशी सकाळी त्या शेतकऱ्याचा फोन आला.

‘सर, तुमचं विमान घावलं बगा. बायांनी काढलं सरीतून. त्याच्यावर अण्णांचं नाव अन् वय लिवलेलं हाय, म्हून कळलं. त्यांची तब्येत बरी हाय ना?’

‘बरी आहे. येतो घ्यायला.’

‘या. अन् येताना पंप आना, पोरं सकाळपासून बाटली धुऊन बसलेत. आमच्या म्हाताऱ्याच्या कंबरेचा फोटो काढून ठेवलाय, लै मोठा हाय. चार पंख सहज निघतील.’